सात नंबरचं मीटर

बिबवेवाडीतल्या मंदारबन सोसायटीत कोणाची बादली गळायला लागली, की फेकण्याआधी लोक एकदा सात नंबरच्या फ्लॅटची बेल वाजवत. दार श्यामसुंदर खांबेटे उघडत. बादली हातात घेऊन उजेडाकडे धरत, तळ निरखत आणि म्हणत, "हिची अजून चार वर्षं आहेत." मग ती बादली दुरुस्त होऊन त्यांच्याकडेच राहायची. अशा रीतीने दोन हजार चार सालच्या जानेवारीत खांबेट्यांच्या घरात बादल्या अकरा होत्या आणि माणसं दोन.

पाण्याची ही ओढ जुनी होती. त्यांचं बालपण शनिवार पेठेत गेलं, तिथे बारा बिऱ्हाडांत मिळून एक नळ होता आणि तो सकाळी तासभर यायचा. रांगेत बादली पुढे सरकवण्यावर घरच्यांनी लहानग्या श्यामची नेमणूक केली होती. इतर मुलं गोट्या मोजत त्या वयात श्याम तांबे मोजायचा. पुढे पिंपरीच्या एका गाड्यांच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर झाले. बेअरिंग, बोल्ट, वॉशर, हातमोजे, जे असेल ते आपापल्या खणात, आणि प्रत्येक खणावर त्यांच्या हाताने रंगवलेला पत्र्याचा बिल्ला. तेहेतीस वर्षांत चुकीच्या खणाला चुकीचा बिल्ला लागला असं एकदाही झालं नाही. हे ते स्वतःच सांगत, पण खरं होतं.

मग कारखान्याने एका परदेशी कंपनीशी सोयरीक केली. स्टोअरमध्ये कंप्युटर आला आणि खांबेट्यांना व्हीआरएस मिळाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या, एक भिंतीवरचं घड्याळ आणि दुसरी कोऱ्या बिल्ल्यांची चळत. घड्याळ कंपनीने दिलं. बिल्ले त्यांनी मागून घेतले.

ते बिल्ले आता बादल्यांवर लटकत होते. नळातून येईल ते पहिल्या हाताचं पाणी. तांदूळ, डाळ, भाजी धुतली की ते दुसऱ्या हाताचं. त्यात फडकी खळबळली की तिसऱ्या हाताचं, त्याने फरशी पुसायची. प्लॅस्टिकच्या टबात उभं राहून केलेल्या आंघोळीचं पाणी चौथ्या हाताचं, ते संडासात. खांबेट्यांच्या घरात माणसाला व्हीआरएस होती, पाण्याला नव्हती.

पाहुण्यांना हे समजायला वेळ लागे. एकदा त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे उल्काताईंच्या भावाने बिल्ला न वाचताच तोंड धुतलं. डोळे मिटून टॉवेल चाचपताना तो म्हणाला, "ताई, पाण्याला मेथीचा वास येतोय."

"आज मेथीच आहे," उल्काताई म्हणाल्या.

उल्काताई टपाल खात्यात काउंटरला होत्या, अजून तीन वर्षं नोकरी शिल्लक होती. दिवसभर समोरच्या माणसाला कमीत कमी शब्दांत परत पाठवण्याची सवय असल्यामुळे घरीही त्या कमी बोलत. त्यांना नवऱ्याच्या बादल्यांचा राग नव्हता. केस धुवायच्या दिवशी जादा बादलीसाठी चिठ्ठी लिहावी लागे, तीही त्या लिहीत आणि 'मंजूर' म्हणून खाली स्वतःच सही करत. त्यांचं दुखणं वेगळं होतं. दुखणं म्हणजे खरोखरचं, उजव्या मनगटाचं. दिवसा शिक्के मारायचे आणि संध्याकाळी कपडे पिळायचे. डॉक्टर म्हणाले होते, "दोन्हीतलं एक थांबवा. शिक्के थांबवता येत नसतील तर पिळणं थांबवा."

म्हणून त्यांना वॉशिंग मशीन हवं होतं.

"ते एका वेळी सव्वाशे लिटर पाणी पितं," खांबेटे म्हणाले. "मी दुकानात जाऊन विचारून आलोय. त्यापेक्षा हत्ती पाळू. तो निदान सोंडेने थोडं परत तरी उडवतो."

"मग कपडे कोण पिळणार?"

"मी धुतो की."

त्यांनी महिनाभर धुतले, दोन बादल्यांत, आठवड्याचे. महिन्याच्या शेवटी उल्काताई ऑफिसातून आल्या आणि पर्स खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही धुतलेल्या ब्लाउजला घाम आला की फेस येतो. आज काउंटरवर दोघांनी विचारलं."

त्याच सुमारास सोसायटीत मीटर आली. तोपर्यंत उन्हाळ्यातले टँकर आणि पंपाचं वीजबिल बारा फ्लॅटमध्ये सारखं वाटलं जाई. जो चूळ भरायला तांब्या वापरतो आणि जो स्कूटर धुवायला तासभर पाइप सोडतो, त्या दोघांना बिल एकच. खांबेटे दोन वर्षं प्रत्येक सभेत उभे राहून हेच बोलत होते. शेवटी सेक्रेटरी रंगराव शितोळे यांनी, पोहे गार होऊ नयेत म्हणून, ठराव मंजूर केला.

गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक फ्लॅटची वेगळी नळी उतरत होती, सहा टाकीच्या पुढून आणि सहा मागून. कचरू प्लंबरने बाराही नळ्यांवर मीटर बसवली आणि शेजारी खडूने आकडे घातले. ते वेडेवाकडे आकडे बघून खांबेट्यांना राहवेना. त्यांनी ओल्या फडक्याने ते स्वच्छ पुसले (तिसऱ्या हाताचं पाणी), आणि ऑइलपेंटचा डबा घेऊन, स्टोअरच्या शिस्तीत, डावीकडून उजवीकडे आकडे रंगवले. पुढच्या बाजूला एक ते सहा. मग टाकीला वळसा घालून मागे सात ते बारा. आकडे इतके देखणे आले की रंगराव म्हणाले, "खांबेटे, पाण्याचं राहू द्या, तुम्ही पाट्याच रंगवा."

आता हातात मोजमाप आलं म्हटल्यावर खांबेट्यांनी त्याच संध्याकाळी बायकोपुढे प्रस्ताव ठेवला.

"तीन महिने. मार्च, एप्रिल, मे. बारा घरांत आपलं मीटर सगळ्यांत कमी चाललं, तर मशीन नाही. एका घराचं जरी आपल्यापेक्षा कमी निघालं, तरी मशीन आलं."

"लिहून द्या," उल्काताई म्हणाल्या.

त्यांनी लिहून दिलं, तारीख घातली आणि कागद कपाटाच्या आतल्या बाजूला डकवला. उल्काताईंनी तो वाचला, मनगटाला पट्टा बांधला आणि त्या कामाला लागल्या. त्यांना फारशी आशा नव्हती. या माणसाला पाण्यात हरवणारं घर बिबवेवाडीत असेल असं त्यांनाही वाटत नव्हतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी रंगरावांनी खाली फळ्यावर यादी लावली. खांबेटे चहा टाकून उतरले. सगळ्यांत कमी पाणी : फ्लॅट बारा. सगळ्यांत जास्त : फ्लॅट सात.

त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. सात नंबर दोन्ही वेळा तिथेच होता.

"काही चुकलंय का?" रंगरावांनी विचारलं. "मी परत बघून येतो हवं तर."

"मीटर चुकत नाही," खांबेटे म्हणाले. "नंबर मी स्वतः घातलेत." आणि हळूहळू जिना चढले.

घरी त्यांनी चौकशी बसवली. नळ गळतो का? नाही. कामवाली आहे का? नाही. मग ते उल्काताईंकडे बघत राहिले.

"मी आठ तास ऑफिसात असते," उल्काताई म्हणाल्या. "तिथून नळ सोडायची सोय अजून झालेली नाही."

त्या यादीत आणखी एक नाव वर होतं, नऊ नंबरच्या कौशल्याबाईंचं. कौशल्याबाई एकट्या राहत. त्यांच्या डोक्यावर असलेल्या दहा नंबरमध्ये रसवंतीवाल्या रामदासचं सात माणसांचं कुटुंब होतं, आणि त्यांचं मीटर मात्र चिमणीसारखं पीत होतं. रामदास अलीकडे मिशीवर हात फिरवत जिना उतरायचा. एकट्या बाईला एवढं पाणी कशाला लागतं, या प्रश्नाचं उत्तर खांबेट्यांना लगेच सुचलं. बाईंचं सोवळं. भाजी आणली की तीनदा धुतात, नाणी आणली तरी धुतात. ते त्यांच्याकडे गेले आणि फ्लशच्या टाकीत वीट ठेवली की दर वेळी तेवढं पाणी कसं वाचतं हे त्यांनी समजावलं. बाईंनी वीट ठेवली. एप्रिलमध्ये त्यांचं मीटर आणखी पुढे गेलं, तेव्हा दुसरी ठेवली. आता टाकीत पाण्यापेक्षा विटाच जास्त होत्या.

एप्रिलमध्ये खांबेट्यांनी स्वतःचीही कसून कपात केली. आंघोळ अर्ध्या बादलीत. जेवण पत्रावळीवर. दाढी एक दिवसाआड. महिनाअखेरीला फळ्यासमोर उभे राहिले तेव्हा ते अडीच किलोंनी उतरले होते, आणि सात नंबर पुन्हा सगळ्यांत वर होता. बारा नंबरने मात्र मार्चपेक्षाही कमी केलं होतं.

इथे दुसरा माणूस चिडला असता. खांबेट्यांच्या मनात आदर दाटून आला. कपातीवर कपात करणं किती कठीण असतं हे त्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतः महिनाभर तेच करत होते. हे कोण लोक आहेत, हे बघायलाच हवं होतं. ते वही घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले.

बारा नंबरमध्ये कंप्युटर कंपनीतली तीन मुलं भाड्याने राहत. दार तेजसने उघडलं. तो यवतमाळचा होता, दुपारी बारा वाजता नुकताच उठलेला.

"या ना काका. काही झालं का? मोठ्याने गाणं तं आम्ही लावलं नाही."

"नाही, नाही. मी शिकायला आलोय," खांबेटे म्हणाले आणि खुर्चीवरचे कपडे बाजूला करून बसले. "तुम्ही पाणी इतकं कमी कसं वापरता?"

तेजसने मान खाजवली. "आम्ही तं काहीच नाही करत न काका."

खांबेट्यांनी लिहिलं : 'काहीच करत नाहीत.'

"भांडी?"

"घरी जेवतच नाही. कंपनीत, नाही तं बाहेर."

"कपडे?"

"जीन्स आहे न. पंधरा दिवस चालते. मग उलटी करून अजून थोडे दिवस."

खांबेट्यांनी 'जीन्स' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. आतून कुठून तरी एकसारखा झुळझुळ आवाज येत होता, ओढ्याकाठी बसल्यासारखा. त्यांनी कान टवकारले.

"हा आवाज कसला?"

"काय माहीत. आम्ही आलो तेव्हापासून आहे. संडासातून येतो."

"कंप्युटरचा असेल."

"कंप्युटर तं बंद आहे काका."

खांबेट्यांनी क्षणभर विचार केला. कान म्हणत होते, पाणी वाहतंय. मीटर म्हणत होतं, या घरात पाणी वाहतच नाही. तेहेतीस वर्षं त्यांनी कानावर नव्हे, मोजमापावर विश्वास ठेवला होता. "वाऱ्याचा असेल," असं म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशी ते लक्ष्मी रोडला गेले आणि आयुष्यातली पहिली जीन्स घेऊन आले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, वर पांढरा सदरा आणि कमरेला कारखान्याचा पट्टा. उल्काताईंनी दारातच त्यांना आपादमस्तक पाहिलं.

"हे किती दिवस?"

"पंधरा. मग उलटी करून अजून थोडे."

उल्काताई आत गेल्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून काहीतरी पडल्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला.

खाली रंगराव भेटले. "खांबेटे, अमेरिकेला निघालात की काय?"

"नाही. हे पंधरा दिवस धुवायचं नसतं."

"असं. मग बाराव्या दिवसापासून मी जरा लांबूनच बोलेन."

मे महिन्यात खांबेट्यांनी सगळे उपाय एकत्र केले. जीन्स, पत्रावळी, अर्धी बादली. एकतीस मेला फळ्यावर बारा नंबर सगळ्यांत खाली होता आणि सात नंबर सगळ्यांत वर. ते यादीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं, डकवलेला कागद सोडवला आणि उल्काताईंच्या हातात दिला. "कुठलं घ्यायचं ते बघून ठेव," एवढंच म्हणाले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मशीन आलं. पांढरं, समोरून गोल काचेचं. खांबेट्यांनी ते स्वतः भिंतीला समांतर बसवलं, पावती फायलीत लावली आणि महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आतून घरघर सुरू झाली की ते चप्पल घालून बाहेर पडत. उल्काताईंनी मनगटाचा पट्टा काढून खुंटीला लावला. त्या संध्याकाळी मशीनसमोर स्टूल टाकून बसत आणि काचेतून फिरणारे कपडे बघत चहा पीत.

जुलैअखेरीला फळ्यावर चमत्कार झाला. सात नंबर एकदम निम्म्यावर आला होता.

खांबेट्यांनी चष्मा पुसला. घरात काय बदललं? आंघोळ पूर्ववत पूर्ण बादलीत होत होती. जीन्स त्यांनी जूनमध्येच सोडली होती, कारण ती पावसात वाळेना. ताटं परत आली होती. म्हणजे बदल एकच. मशीन आलं, आणि पाणी निम्म्यावर आलं.

वेगळा माणूस असता तर म्हणाला असता, असं कसं होईल. खांबेटे म्हणाले, "मीटर सांगतंय." आणि तीन महिने जाहीरपणे हरलेला हा माणूस त्याच संध्याकाळपासून वॉशिंग मशीनचा प्रचारक झाला. ते घरोघर वही घेऊन गेले. मशीनच्या आधीचा आकडा, मशीनच्या नंतरचा आकडा. "सव्वाशे लिटर म्हणतात ते थोतांड आहे. ते दुकानदारालाच माहीत नसतं." त्यांचं बोलणं इतकं मनापासून असे की ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रंगरावांकडे मशीन आलं आणि पाठोपाठ रामदासकडेही. उल्काताईंनी हे सगळं ऐकलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याच्या बोलण्यात एकही शंका न काढण्याची ही पहिलीच वेळ.

बारा नंबरचा आकडा मात्र वाढत होता. खांबेट्यांना वाईट वाटलं. ते तेजसला जिन्यात गाठून म्हणाले, "यश मिळालं की माणूस सैल होतो बघ. सांभाळ."

"काका, मी तं आता एकटाच आहे. दोघं अमेरिकेला गेले, कंपनीने पाठवलं. अन् मालकाने संडासातला तो आवाजही बंद करून दिला. फ्लश गळत होता म्हणे."

एकटा, आणि तरी जास्त. खांबेट्यांनी मान हलवली आणि या मुलाच्या काळजीने ते जिना उतरले.

ऑगस्टच्या मध्याला उल्काताईंच्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं, कराडला. पाच दिवसांसाठी जायचं म्हणून खांबेट्यांनी घराचा मेन कॉक बंद केला, गच्चीवर जाऊन सात नंबरचा आकडा टिपून घेतला आणि मगच बस पकडली. परत आल्यावर, बॅग खाली ठेवायच्या आधी ते गच्चीवर गेले. मीटर पुढे गेलं होतं.

ते खाली आले. "घरात चोर शिरला होता," त्यांनी सांगितलं.

उल्काताईंनी कपाट पाहिलं. "सगळं जागेवर आहे."

"सामान नाही गं. पाणी. कोणीतरी कॉक उघडून पाणी नेलंय."

"आणि जाताना कुलूप लावून गेलंय," उल्काताई म्हणाल्या. "सुसंस्कृत दिसतोय."

चोर पकडायचा तर शास्त्रशुद्ध. त्या वर्षी दोघांनीही मोबाईल घेतला होता आणि मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत हे खांबेट्यांना फार आवडलं होतं. ठरलं असं, की ते गच्चीवर मीटरसमोर बसतील. एक मिस्ड कॉल आला की उल्काताईंनी स्वयंपाकघरातला नळ सोडायचा, दोन आले की बंद. खाली पहिल्या हाताची रिकामी बादली लावून ठेवलेली.

दुपारच्या उन्हात छत्री धरून खांबेटे सात नंबरसमोर बसले. एक मिस्ड कॉल दिला. मीटर हललं नाही. त्यांनी त्याला बोटाने टिचकी मारली. काही नाही. त्यांनी पुन्हा एक मिस्ड कॉल दिला.

खालून फोनच आला, खरा. "सोडलाय. बादली भरत आली. बोला लवकर, याचे पैसे पडतायत."

मीटर ढिम्म. आणि मग त्यांना बारीक टिकटिक ऐकू आली, उजवीकडून. मागच्या भिंतीच्या अगदी टोकाला, जिन्याला लागून असलेलं मीटर गरगर फिरत होतं. त्यावर त्यांच्याच देखण्या अक्षरात लिहिलं होतं : बारा.

"बंद कर," ते फोनमध्ये म्हणाले. फिरणारं मीटर थांबलं. "सोड." सुरू झालं. "बंद कर."

"अहो, मी काय दिवाळीची माळ आहे का?"

खांबेटे छत्री मिटून जिन्याच्या तोंडाशी गेले आणि तिथून टाकीकडे पाहिलं. मग त्यांना कचरूचे ते वेडेवाकडे आकडे आठवले. कचरूने दोन्ही बाजूंना जिन्याकडून मोजत आकडे घातले होते. पुढच्या बाजूने जिना डाव्या हाताला येतो, म्हणून तिथे खांबेट्यांची शिस्त जुळली. पण टाकीला वळसा घातला की जिना उजव्या हाताला येतो. ते मात्र डावीकडूनच मोजत गेले. सातच्या जागी बारा, आठच्या जागी अकरा, नऊच्या जागी दहा. एकूण सहा बिल्ले, सहाही चुकीच्या खणाला.

खाली येऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. उल्काताईंना त्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानेच, काही न गाळता.

"म्हणजे आपलं पाणी बारा नंबरवर पडत होतं," उल्काताई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे तिन्ही महिने सगळ्यांत कमी आपलंच होतं."

"हो."

"म्हणजे तुम्ही जिंकला होतात."

आतल्या खोलीत मशीनचं काम संपलं होतं आणि ते बीप बीप करत होतं. उल्काताई उठून ते बंद करून आल्या. येताना त्यांनी सवयीने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. "रविवारी सभेत सांगा," त्या म्हणाल्या. "मशीनचं मग बघू."

रविवारी खांबेटे उभे राहिले. मीटरच्या आकड्यांत चूक झाली आहे, चूक कचरूची नाही, माझी आहे, असं म्हणून त्यांनी कागदावर टाकीचं चित्र काढून सगळ्यांना दाखवलं. लोक मनातल्या मनात आपापला आकडा उलटा करत होते.

"खांबेटे," रंगराव म्हणाले, "तुमच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्या सरळ चालतात ना?"

कौशल्याबाई मागून म्हणाल्या, "म्हणजे मी सहा महिने या रामदासच्या सात माणसांच्या आंघोळीचं भरतेय. आणि वर हे मला सांगून गेले, नाणी धुऊ नका." रामदासचा हात मिशीवरून खाली आला. त्या पुढे म्हणाल्या, "त्या विटा काढू ना आता? फ्लश ओढला की घरासमोर बांधकाम सुरू आहे असं वाटतं."

तेजसने हात वर केला. "मला तं आधीच वाटलं होतं का आम्ही एवढे चांगले नाही." कमी-जास्त झालेलं पुढच्या बिलांत वळतं करायचं, असं ठरलं. आता प्रश्न उरला तो रामदासच्या बायकोने विचारला.

"मशीनमुळे पाणी वाचतं म्हणून तुम्ही आम्हाला घ्यायला लावलं. ते तरी खरं आहे का?"

"नाही," खांबेटे म्हणाले. "तेही चुकीच्या मीटरवरून सांगितलं होतं. मशीनने पाणी जास्तच लागतं. मी माफी मागतो."

"मग परत करू या," रंगराव लगेच म्हणाले.

त्यांची बायको शेजारीच बसली होती. "कोणाला?" एवढंच तिने विचारलं. रंगरावांनी तो विषय तिथेच सोडला.

सगळे आता उल्काताईंकडे बघत होते. पैजेची गोष्ट बिल्डिंगमध्ये कोणाला माहीत नव्हती असं नव्हतं. उल्काताई पर्स मांडीवर घेऊन सरळ बसल्या होत्या.

"आमचं वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कागद होता. त्याप्रमाणे मी हरले. मशीन जाईल." काउंटरवर 'उद्या या' म्हणावं तितक्याच सरळपणे म्हणाल्या.

खांबेटे अजून उभेच होते. आयुष्यभर ज्यासाठी जपून वागले ते त्यांना मिळालं होतं. बारा घरांत सगळ्यांत कमी पाणी त्यांच्या घरात लागतं, हे चारचौघांत सिद्ध झालं होतं.

"तसं करता येत नाही," ते म्हणाले.

"का?"

"स्टोअरचा नियम आहे. बिल्ला चुकल्यामुळे एखाद्या खात्याला माल गेला, तर तो परत मागवता येत नाही. ज्याला गेला त्याचा झाला. आणि मेमो स्टोअरकीपरला."

उल्काताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. असा नियम कुठल्या कारखान्यात असेल यावर त्यांचा विश्वास बसला नसावा. पण पैजेचा कागद ज्या माणसाने तारखेसकट लिहून दिला होता, तो नियम मनाने रचून सांगत असेल, तर ते त्याच्या आयुष्यातलं पहिलंच असणार.

"मेमो कोण देणार?"

"माल ज्याच्याकडे गेला ते खातं."

घरी आल्यावर उल्काताईंनी टपाल खात्याच्या जुन्या तारखेच्या कागदाच्या पाठीमागे मेमो लिहिला. 'श्री. खांबेटे यांनी सहा बिल्ले चुकवल्याबद्दल यापुढे कपडे मशीनमध्ये घालणे, वाळत टाकणे व घड्या घालणे ही कामे त्यांच्याकडे राहतील.' खांबेट्यांनी तो दोनदा वाचला.

"एक शंका आहे. मशीनमधून बाहेर पडतं ते पाणी कोणाच्या ताब्यात?"

"कुठलं पाणी?"

"खळबळल्याचं शेवटचं. जवळजवळ स्वच्छ असतं. साठ लिटर तरी. आत्तापर्यंत सगळं मोरीत जातंय, मी बाहेर जायचो म्हणून कळलं नाही."

उल्काताईंनी पेन पुन्हा उघडलं आणि खाली एक ओळ वाढवली : 'सदर पाणी स्टोअरकडे.'

खांबेट्यांनी सही केली. मग ते आत गेले, मशीनच्या मागची नळी मोरीतून सोडवली आणि अकराच्या अकरा बादल्या त्या खोलीत ओळीने मांडायला घेतल्या. थोड्या वेळाने आतून प्रश्न आला, "उल्का, उद्याचे कपडे आजच टाकले तर चालतील का?"